रोजगार हमीची कामे: मजुरी हेच उद्दिष्ट, की गावाला टिकणारी मत्ता?

प्रश्न · ओढ्याकाठचा

नमस्कार. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील दुष्काळी पट्ट्यातल्या एका लहान गावात मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालो आहे. पुढील वर्षी रोजगार हमीतून कोणती कामे घ्यायची, याचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे आणि मी थोडाफार शिकलेला असल्याने त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गावात तीन मते आहेत आणि तिन्ही मते मांडणारी माणसे प्रामाणिक आहेत, हीच माझी अडचण आहे.

ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना वैयक्तिक सिंचन विहिरी आणि शेततळी हवी आहेत. मळ्यात राहणाऱ्यांना पाणंद रस्ते हवे आहेत, कारण पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून आणावे लागते. तिसरे मत वस्तीवरच्या भूमिहीन कुटुंबांचे आहे. काम कोणतेही काढा, पण चैत्र-वैशाखात काढा, गावाजवळ काढा आणि त्याचा पगार वेळेवर द्या, एवढेच ते म्हणतात. पुरुष माणसे माथाडी म्हणून मुंबईला जातात. मागे राहतात त्या बायका आणि म्हातारी माणसे.

आमच्या गावात बहात्तरच्या दुष्काळातला एक पाझर तलाव आहे. माझ्या आजीने त्याच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहिल्या आणि त्या दिवसांत सुकडी खाऊन घर जगवले, असे ती सांगत असे. तो तलाव आता निम्म्याहून अधिक गाळाने भरला आहे, तरीही त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी शिमग्यापर्यंत पाणी देतात. त्याच दुष्काळात खडी फोडून केलेला रस्ता मात्र आज कोठे होता, हेही दाखवता येत नाही. मजुरी दोन्ही कामांवर मिळाली. एक काम पन्नास वर्षांनंतरही उपयोगी पडते आहे आणि दुसरे नाही.

म्हणून विचारतो. ही योजना मुळात गरिबाच्या हाताला काम देण्यासाठी आहे, की गावाचे पाणी आणि माती सुधारण्यासाठी? दोन्ही एकत्र साधणे खरोखर शक्य आहे का? आणि शक्य असेल तर आराखड्यात सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १ · माथा ते पायथा

मी मृदसंधारणाच्या कामांवर तीस वर्षे अभियंता म्हणून काढली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तुमच्या आजीचा तलाव टिकला आणि रस्ता टिकला नाही, याचे कारण योजनेत नाही, जागेत आहे. महाराष्ट्राच्या चार पंचमांशांहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्याखालचा कठीण खडक पाणी घेत नाही. बहात्तरमध्ये ज्यांनी तुमच्या तलावाची जागा निवडली, त्यांना खालच्या अंगाला मुरूम आहे हे ठाऊक असावे, किंवा त्यांचे नशीब तरी चांगले असावे. त्याच काळातले असे पाझर तलावही मी पाहिले आहेत, ज्यांतून पाझर कधी झालाच नाही, कारण माणसांना काम देण्याची घाई होती आणि जागा पाहण्यास वेळ नव्हता. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. इतक्या हातांना रोज सकाळी काम पुरवायचे असेल, तर खडी फोडण्यासारखे कोठेही काढता येणारे काम निघणारच. त्या अधिकाऱ्यांना आज दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण तुमच्याकडे वर्षभराचा अवधी आहे, त्यांच्याकडे नव्हता.

आराखड्याची सुरुवात डोंगरावरून करावी. पाणलोटाच्या माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), उतारावर दगडी बांध, ओघळींमध्ये गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले) बंधारे, शेतात बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर माती किंवा सिमेंट नाला बांध, असा क्रम असतो. प्रत्यक्षात बहुतेक गावे उलट्या क्रमाने जातात, कारण सिमेंटचा बंधारा रस्त्यावरून दिसतो, त्यावर पाटी लावता येते आणि पहिल्या पावसात तो भरलेला पाहून सर्वांना समाधान वाटते. डोंगर उघडा ठेवून ओढ्यात बंधारा बांधला, तर तो पाण्याबरोबर गाळही अडवतो. पाच-सात पावसाळ्यांत तो भरून जातो आणि मग गाळ काढण्याची नवी योजना लागते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर याच क्रमात दडलेले आहे. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६०:४० राखावे लागते. ते प्रत्येक कामाला वेगवेगळे लावले जात नाही, कामे एकत्र धरून पाहिले जाते. माथ्यावरच्या कामांना सिमेंट लागत नाही. चर खणणे, दगड रचणे, माती लोटणे हे जवळपास सगळे मजुरीचे काम आहे. विहीर आणि सिमेंट बंधारा यांत साहित्याचा खर्च मोठा असतो आणि विहिरीला काही खोलीनंतर यंत्र व सुरुंग लागतात. म्हणजे ज्या कामांत मजुरांना सर्वाधिक दिवस मिळतात, तीच कामे पाण्याच्या दृष्टीने आधी करायची आहेत. मजुरी आणि मत्ता यांचा झगडा आपण समजतो तेवढा खरा नाही. तो पायथ्याच्या कामांपाशी सुरू होतो. शिवाय डोंगरावर पुरेशी चरांची कामे घेतली, तर त्या मजुरीच्या आधारावर काही विहिरींचा साहित्याचा खर्च त्या प्रमाणात बसतो. बागायतदारांना हे पटवून द्या, ते डोंगराच्या कामाला विरोध करणार नाहीत.

यंत्राविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात वेगवेगळ्या योजनांचा निधी एकत्र आणण्याची कल्पना चांगली होती. परंतु अनेक ठिकाणी त्याचा अर्थ जेसीबीने नाला खोल आणि रुंद करणे एवढाच उरला. नाला खडकापर्यंत खोल केला की त्यात पाणी साचलेले दिसते. ते जमिनीत मुरलेले पाणी असेलच असे नाही, उलट शेजारच्या मुरमातले पाणी उघड्यावर आलेले असू शकते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या अभियानावरील अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्याच्या उद्दिष्टावर फारसा परिणाम दिसला नाही, आणि पाणी वाढल्याच्या समजुतीने अधिक पाणी पिणारी नगदी पिके वाढली, असे त्याचे निष्कर्ष होते. मी स्वतः त्या कामांपैकी काही चांगली कामेही पाहिली आहेत, त्यामुळे सगळे वाया गेले असे म्हणणार नाही. मात्र यंत्राने तीन आठवड्यांत उरकलेल्या कामावर मजुरांचा एकही हजेरीपट निघाला नाही, ही त्या कामाची दुसरी किंमत कोणी मोजली नाही.

प्रतिसाद २ · दोनशे रुपये कपात

मी पुण्यात नोकरी करतो आणि या विषयाशी माझा संबंध पगारपत्रकापुरता आहे, पण तो संबंध खरा आहे.

महाराष्ट्रातील नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. माझ्या कार्यालयातील बहुतेकांना तो कशासाठी आहे हे माहीत नाही. १९७५ मध्ये हा कर आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता, आणि करातून येणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्य शासनाने स्वतःची घालावी अशी मूळ मांडणी होती. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी घ्यावी, असा तो सरळ व्यवहार होता.

या योजनेचे मूळही तुमच्याच भागातले आहे. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ मध्ये ती राज्यभर आली, १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि केंद्राचा कायदा, म्हणजे नरेगा, त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, २००५ मध्ये आला. केंद्राची हमी वर्षाला १०० दिवसांची होती. राज्याच्या कायद्यानुसार महाराष्ट्राने त्यापुढील दिवसांचा भार स्वतः उचलला.

आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्राच्या जुन्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला आहे. त्यात दिवस १२५ केले आहेत, परंतु बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागेल. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा आणि साहित्याचा तीन चतुर्थांश खर्च केंद्र करत असे. पेरणी व कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूदही त्यात आहे. केंद्राचा हात आखडला, तर आमच्या दोनशे रुपयांचा हिशेब पुन्हा मागण्याची वेळ येईल, असे मला वाटते. हे थोडे विषयांतर झाले असेल, पण आराखडा करणाऱ्याला पैसा कोठून येतो हे माहीत असलेले बरे.

प्रतिसाद ३ · हजेरीपट

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, परंतु दोघांनीही मजुराला एक आकडा समजून लिहिले आहे. मी विदर्भातील एका मजूर संघटनेत काम करते, म्हणून दुसऱ्या टोकाने सांगते.

आपण विचारता की ही योजना मजुरीसाठी आहे की मत्तेसाठी. कायद्याच्या भाषेत उत्तर स्पष्ट आहे: काम मागणे हा हक्क आहे, आणि मत्ता हे त्या कामाचे फळ आहे. आजवरच्या कायद्यात कामाची मागणी नोंदवल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता देय होता. पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा. हजेरीपट बंद झाल्यावर १५ दिवसांत पगार झाला नाही, तर सोळाव्या दिवसापासून दररोज ०.०५ टक्के दराने भरपाईही देय होती. हे सारे कागदावर होते. प्रत्यक्षात बेरोजगार भत्ता मिळालेला मजूर मला फार क्वचित भेटला, आणि त्याचे कारण कागदातच आहे. मजूर तोंडी काम मागतो. ग्रामरोजगार सेवक मान डोलावतो. नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरला जात नाही, त्याची तारीख घातलेली पोच मिळत नाही, आणि पोच नाही म्हणजे मागणीच झालेली नाही.

म्हणून माझी विनंती अशी की आराखडा लिहिण्याआधी वस्तीवर जाऊन बसावे आणि कोणत्या महिन्यात किती माणसे कामावर येतील, हे घरोघर विचारून लिहून काढावे. शेतात निंदणी-खुरपणी असते तेव्हा बायका तुमच्या कामावर येणार नाहीत आणि त्यांनी यावे असा आग्रहही नको. फाल्गुन सरला की त्यांना काम हवे असते. त्या महिन्यांसाठी शेल्फवर, म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेली, कामे तयार असली पाहिजेत. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता उन्हाळा लागल्यावर मागायला निघालात, तर काम निघेपर्यंत मृग नक्षत्र येते. आमच्या भागातील एका गावात मी हेच पाहिले. मंजुरी जूनमध्ये आली, पाऊस सुरू झाला, आणि ज्या चाळीस बायकांनी मार्चमध्ये काम मागितले होते त्यांतल्या निम्म्या तोवर वीटभट्टीवर निघून गेल्या होत्या.

पुरुष कामावर का येत नाहीत, याचे उत्तरही दरात आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी नरेगाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. तुमच्या भागात पुरुषाची शेतमजुरी त्याहून अधिक असेल, बाईची बहुधा कमी. त्यामुळे ही योजना व्यवहारात बायकांची योजना होते, आणि तसे असेल तर आराखडाही बायकांना विचारून व्हायला हवा. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरी देऊन ठेवण्याची तरतूद आहे. पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टीही कामावर असायलाच हव्यात. डोंगरावरच्या चरांच्या कामावर वैशाखात सावली नसेल, तर माथा ते पायथा हा क्रम शास्त्रशुद्ध असूनही बायका दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

हजेरीची गोष्टही लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाइलवर दिवसातून दोन वेळा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. डोंगरावर नेटवर्क नसते. छायाचित्र चढले नाही म्हणून दिवसभर खणलेल्या चराची मजुरी बुडाल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात. कामाची जागा निवडताना मुरूम कोठे आहे हे जसे पाहाल, तसे नेटवर्क कोठे मिळते हेही पाहून ठेवा. हे लिहिताना मला स्वतःलाच विचित्र वाटते आहे, पण आजची स्थिती तशी आहे.

प्रतिसाद ४ · मोसंबीवाला

मी जालना जिल्ह्यातला शेतकरी आहे. बागायतदारांना खलनायक करू नका, एवढे सांगण्यासाठी लिहितो.

१९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, तेव्हा खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतच्या कामांना अनुदान मिळाले आणि राज्याच्या कोरडवाहू भागांत डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा यांच्या बागा उभ्या राहिल्या. सरकारी पैसा खाजगी शेतात गेला, हे खरे आहे. पण त्या बागांनी पुढची कित्येक वर्षे छाटणी, काढणी आणि भरणीसाठी मजूर लावले, आणि ती मजुरी सरकारने नव्हे, शेतकऱ्याने दिली. वैयक्तिक काम म्हणजे गावाचे नुकसान, असे समीकरण मांडता येत नाही. शिवाय वैयक्तिक कामांसाठीही जॉब कार्ड लागते आणि अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालील, स्त्री कुटुंबप्रमुख असलेली, अपंग कुटुंबप्रमुख असलेली कुटुंबे आणि अल्प-अत्यल्पभूधारक यांनाच ती मिळतात. मोठा बागायतदार त्यात बसत नाही. बसवला जात असेल, तर तो वेगळा आणि तुम्ही ग्रामसभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

शेततळ्यांच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला सावध करीन. शेततळे म्हणजे शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी धरण्याची जागा, अशी मूळ कल्पना आहे. आमच्याकडे पुष्कळ तळ्यांना प्लास्टिक अंथरले आहे आणि ती पावसाळ्याच्या अखेरीस विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरून घेतली जातात. ज्याच्याकडे मोटार आणि पैसा आहे, तो सर्वांच्या जमिनीखालचे पाणी उपसून आपल्या तळ्यात ठेवतो आणि उन्हात त्यातले बरेच उडून जाते. मीही एक असे तळे केले आहे. बाग वाचवायची होती. त्यामुळे दुसऱ्यांना उपदेश करण्याचा मला फारसा अधिकार नाही, पण तुमच्या आराखड्यात शेततळे घ्याल तर ते विनाअस्तर आणि ओघळीच्या तोंडाशी घ्या.

आमच्या जिल्ह्यातल्या कडवंची गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९९६ पासूनच्या पाच-सहा वर्षांत तेथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली, कृषी विज्ञान केंद्राची माणसे सतत सोबत होती, आणि गाव पुढे द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. पाहायला जरूर या. पण द्राक्ष आणि शेततळी पाहून परत जाऊ नका, आधी डोंगरावर चढून चर पाहा.

ओढ्याकाठचा

सर्वांचे आभार. दरम्यान वस्तीवर दोन संध्याकाळी जाऊन बसलो. पंचवीस घरांतून चैत्र आणि वैशाखासाठी मिळून ४१ जणांनी कामावर येण्याची तयारी दाखवली, त्यांत ३३ बायका आहेत. डोंगराची कामे आधी घेण्यास बागायतदारांनीही तत्त्वतः मान्यता दिली, ६०:४० चा हिशेब त्यांना लगेच उमगला.

परंतु वस्तीवरच्या एका वयस्क बाईंनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला देता आले नाही. त्या म्हणाल्या, "तात्या, आम्ही डोंगरावर चर खणायचे, पाणी मुरणार खालच्या विहिरीत. त्या विहिरीवर आमचे काय? दोन महिन्यांची मजुरी संपली की आम्ही पुन्हा तिथेच." तिथे बसलेले सगळे गप्प झाले. मत्ता टिकाऊ झाली तर ती कोणासाठी टिकली, हा प्रश्न मी मूळ चर्चेत विचारायला हवा होता.

प्रतिसाद ५ · माथा ते पायथा

त्या बाईंनी विचारलेला प्रश्न आमच्या खात्याने कधी विचारला नाही. आम्ही किती हेक्टर उपचारित झाले आणि किती घनमीटर साठा झाला, एवढेच मोजत होतो.

हा प्रश्न गांभीर्याने घेणारा एक प्रयोग तुमच्यापासून फार दूर झालेला नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीची मांडणी केली. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. उसाला पाणी नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा, असे तिचे नियम होते. भूमिहीनाने तो वाटा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून वापरावा, अशी कल्पना होती. ती सर्वत्र पसरली नाही, कारण उसाला पाणी नाही हे वाक्य पश्चिम महाराष्ट्रात बोलायलाही धैर्य लागते. परंतु भूमिहीनाचा पाण्यावर हक्क मानता येतो आणि तो नियमात लिहिताही येतो, हे तिने दाखवून दिले.

तुमच्या गावात जुन्या विहिरींच्या मालकांना असा नियम मान्य होईल, अशी आशा मला नाही. पण नव्या पाण्याबाबत सौम्य काही करता येईल. डोंगर गायरान किंवा वनखात्याचा असेल, तर चरांच्या भरावावर गवत आणि झाडे येतील. ते गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ग्रामसभेच्या ठरावाने वस्तीला देता येईल, आणि ज्या घरात दोन शेळ्या आहेत त्याला गवताची किंमत विहिरीपेक्षा कमी वाटत नाही. वनखात्याची जमीन असेल तर त्यांची संमती आधी घ्या. पाझर तलावाचा गाळ काढल्यावर त्यात मासेमारीचा ठेका वस्तीवरच्या बायकांच्या बचत गटाला देण्याचा विचारही करता येईल.

प्रतिसाद ६ · हजेरीपट

गवताचा ठराव करताना चराईबंदीचा कालावधी आणि कापणीचा हक्क हे दोन्ही एकाच ठरावात लिहा. हिवरे बाजारला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यशस्वी झाली, त्याचे कौतुक सर्वजण करतात. पण चराई बंद करताना ज्याच्याकडे फक्त जनावर आहे आणि जमीन नाही, त्याला कापून नेता येणारे गवत मिळाले नाही, तर चराईबंदीची सारी किंमत तोच भरतो. पहिल्या वर्षी गवत कमी असेल. त्या वर्षी वस्तीला रोहयोचे दिवस जास्त मिळतील, असे पाहा.

आणि त्या बाईंना ग्रामसभेत बोलू द्या. त्यांचा प्रश्न तुम्ही त्यांच्या वतीने विचारलात, तर इतिवृत्तात तुमचे नाव येईल, त्यांचे नाही.

प्रतिसाद ७ · दोनशे रुपये कपात

सामाजिक अंकेक्षणाचे कोणी लिहिले नाही म्हणून एक ओळ जोडतो. कामावरचे हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि खर्च ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्याची पद्धत कायद्यातच आहे. गावातील नावे मोठ्याने वाचली गेली की मुंबईत माथाडी करणारा माणूस डोंगरावर हजर कसा, हे कोणीतरी विचारतेच.

ओढ्याकाठचा

ग्रामसभा येत्या पंधरवड्यात आहे. मसुदा असा ठरला आहे: पहिल्या वर्षी डोंगराच्या उत्तर उतारावर सलग समतल चर आणि ओघळींत दगडी बांध, पाझर तलावाचा गाळ, वस्तीजवळ रोपवाटिका, आणि अत्यल्पभूधारकांच्या तीन विहिरी. पाणंद रस्त्याचे एकच काम, दवाखान्याच्या वाटेचे. गवताच्या कापणीचा हक्क आणि चराईबंदी यांचा ठराव एकत्रच मांडला जाईल आणि तो त्या बाई मांडणार आहेत. त्यांनी आधी नकार दिला होता, मग नातवाकडून ठराव दोनदा वाचून घेतला आणि त्यातला "लाभार्थी" हा शब्द काढायला लावला.

एक तांत्रिक शंका उरली आहे. काम झाल्यावर पाणी खरोखर वाढले की नाही, हे आम्ही साध्या साधनांनी कसे पाहावे? गावात पर्जन्यमापक नाही.

प्रतिसाद ८ · माथा ते पायथा

काम सुरू होण्याआधीच मोजणे सुरू करा, नाही तर पुढे तुलना कशाशी करणार? पाच विहिरी निवडा: दोन तलावाखालच्या, दोन डोंगराच्या पायथ्याच्या आणि एक अशी, जिच्यावर या कामांचा परिणाम होणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरा. मोटार बंद करून रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दगड बांधलेल्या सुतळीने घ्यावे. साधा पर्जन्यमापक शाळेत बसवता येतो आणि सातवीची मुले रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद ठेवू शकतात. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहा.

पाऊस कमी झालेल्या वर्षी पातळी खाली जाईल आणि कोणीतरी म्हणेल की चर वाया गेले. त्या दिवशी पाचव्या विहिरीचा आकडा दाखवा.